अलमास यांनी मोकळी सोडलेली जागा

जालना एमआयडीसीतल्या सळया बनवणाऱ्या एका कारखान्यात हजेरीचं सॉफ्टवेअर बदललं, आणि दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या पडद्यावर कामगारांची नावं प्रश्नचिन्हं होऊन आली. ज्याचं नाव लांब, त्याची प्रश्नचिन्हं जास्त. पहारेकऱ्याला बोलायला विषय मिळाला. मोटरसायकल लावून येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारी, "तू कोण, पाचवाला का आठवाला? जल्दी सांग, मागं लाइन लागली."

कारखान्याने अलमास यांना बोलावलं. त्यांनी माहितीचा साठा उघडून पाहिला आणि चहा यायच्या आधीच सांगितलं, की ही नावं परत येणार नाहीत.

"मॅडम, तुम्ही अक्षरं दुरुस्त करता म्हणून तर बोलावलं," व्यवस्थापक म्हणाले.

"बिघडलेलं दुरुस्त होतं, साहेब. हे बिघडलेलं न्हाई. हे गेलंय."

कामगारांची आधार कार्डं गोळा करून सगळी नावं पुन्हा टाइप करावी लागली. अलमास यांना आपल्या कामातला हाच भाग आवडत नाही, आणि तो त्या कधीही गोड करून सांगत नाहीत.

काम समजायला अवघड नाही. संगणक अक्षर साठवत नाही, आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे एका तक्त्यावरून ठरतं. संकेतस्थळ एक तक्ता मानत असेल आणि त्यामागचा माहितीचा साठा, म्हणजे डेटाबेस, दुसरा मानत असेल, तर मराठी मजकुराचं दोनपैकी एक होतं. साठ्याला ते अक्षर माहीतच नसेल, तर तो त्या जागी प्रश्नचिन्ह लिहून मोकळा होतो. मूळ आकडा पुसला जातो. किंवा आकडे तसेच राहतात, फक्त चुकीच्या तक्त्यावरून वाचले जातात, आणि पडद्यावर टोपी घातलेल्या रोमन अक्षरांचा, परक्या चलनांच्या चिन्हांचा चिखल दिसतो. गिऱ्हाईक या चिखलाला घाबरतं. अलमास यांना तो दिसला की बरं वाटतं. चिखलाखाली मजकूर शाबूत असतो.

हे त्यांच्या घरात कुणाला पटलेलं नाही. "इत्ता पढ़ को दिनभर कचरा वाचती बैठती तू," असं त्यांच्या सासूबाई रजिया म्हणतात. नवरा शाहबाज बियाण्यांच्या प्रक्रिया कारखान्यात यंत्रं सांभाळतो. तो आईला समजावतो, की आमच्याकडंही कचरा चाळूनच बी निघतं. त्यावर सासूबाईंचं म्हणणं असं, की बी विकता तरी येतं.

अलमास जुन्या जालन्यात वाढल्या. वडील रहमतुल्ला छपाईसाठी लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवून द्यायचे, मराठी आणि उर्दू दोन्ही. दुकानात संगणक आला तेव्हा अलमास शाळेत होत्या. त्या दिवसांत दुसऱ्या दुकानातून आलेली मराठी फाइल उघडली की कित्येकदा रोमन अक्षरांचा गुंता दिसायचा. कारण एकच असायचं: ज्या फॉन्टमध्ये मजकूर टाइप केलेला असे, तो फॉन्ट इथल्या मशीनवर नसायचा. फॉन्ट टाकला, किंवा फॉन्ट बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून मजकूर काढला, की पत्रिका वाचता येई. जालन्यापासून अंबडपर्यंत डीटीपीच्या प्रत्येक दुकानात हा नियम पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवला जातो. कचरा दिसला, म्हणजे फॉन्ट नाही. अलमासही तोच शिकल्या. पुढे संगणकाची पदवी घेतली, काही वर्षं पुण्यात नोकरी केली, लग्नानंतर जालन्यात परतल्या, आणि तेव्हा त्यांना कळलं की हा नियम आता प्रत्येक वेळी खरा नसतो. त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या कामांत आधी कुणीतरी फॉन्टचा उपाय करून पाहिलेला असतो.

गेल्या हिवाळ्यात देवानंद हिवाळे यांचा फोन आला, तो अशाच कामाचा.

हिवाळे सर शाळेतून निवृत्त झाल्यावर बौद्ध समाजासाठी एक वधू-वर परिचय मंडळ चालवतात. जन्मपत्रिका नाही, मुहूर्त नाही, पोटजातीचा रकाना नाही. मंडळाची एक रीत मात्र आहे. दोन्हीकडची माणसं मंडळाच्या खोलीत बसली, की चहाच्या आधी सर दोघांचे परिचय संकेतस्थळावरून मोठ्याने वाचतात. सगळ्यांसमोर वाचलेलं सगळ्यांनी ऐकलं, म्हणजे नंतर "आम्हाला सांगितलंच नव्हतं" असं कुणी म्हणू नये. या रीतीमुळे बरीच भांडणं टळली, असं सर सांगतात. त्या दिवशी भांडण याच रीतीतून उभं राहिलं.

मुलगी होती भावना मगरे, शहागडच्या एका खाजगी दवाखान्यात परिचारिका. मुलगा राजानंद खरात, घनसावंगीला शिक्षक. त्याची पहिली बायको आजारात गेली होती. सोबत त्याची आई केशरबाई होत्या. भावना एकटीच आली होती. सरांनी आधी राजानंदचा परिचय वाचला: मुलगा निर्व्यसनी, होतकरू, संस्कारी. मग भावनाचा: मुलगी सुशील, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष, नोकरी सोडण्यास तयार, अपत्य नाही.

भावना मध्येच म्हणाली, "सर, थांबा. हे मी लिहिलेलं न्हाई."

"तुझ्या नावाखाली आहे, बाळ."

"नाव माझं आहे. बाकी एकही शब्द माझा न्हाई. मला मुलगी आहे. दुसरीला आहे. पायल नाव आहे तिचं. मी तसं लिहिलं होतं."

केशरबाई याचीच वाट पाहत होत्या. त्यांची एक नात्यातली बाई शहागडला राहते. नर्सबाई रोज स्कूटीवर पोरीला शाळेत सोडते, हे त्यांना आठवडाभर आधीच कळलं होतं. "आम्हाला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "म्हणलं, बघू सांगते का. आता वाचून झाल्यावर सांगून राह्यली."

"वाचून झाल्यावर न्हाई, मावशी. वाचताना."

"आम्हाला ठाऊक नसतं तर?"

"तरी सांगितलं असतं."

"हां. बोलायला काय लागतं."

मंडळी चहा न घेता उठली. भावना मात्र खुर्चीतून हलली नाही. तिने सरांना सांगितलं, की लग्न जुळेल नाहीतर न जुळेल, पण मूल लपवणारी बाई म्हणून माझं नाव इथून बाहेर जाता कामा नये. शहागड काही मोठं नाही, आणि दवाखान्यात सगळे येतात. सर तिला ओळखत होते. पण त्यांच्यासमोर पडदा होता आणि पडद्यावर "अपत्य नाही" असं लिहिलेलं होतं.

अलमास दुसऱ्या दिवशी मंडळात गेल्या तेव्हा संकेतस्थळ सांभाळणारा अंगद दारातच उभा होता. अंगदचं जवळच डीटीपीचं दुकान आहे. मंडळाचं काम तो दुकान सांभाळून करतो. अलमास यांनी काय झालं ते पहिल्यापासून विचारलं. अंगदने काही लपवलं नाही, कारण आपण चुकलो असं त्याला वाटतच नव्हतं.

दिवाळीनंतर संकेतस्थळ जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर गेलं. गेल्यावर सगळे जुने परिचय चिखल झाले. अंगदने तो मजकूर उचलून कन्व्हर्टरमध्ये टाकला. बाहेर मराठी अक्षरं आली, पण शब्द एकही नाही.

"मंग मला वाटलं, फॉन्ट दुसरा असंल," तो म्हणाला. "तीन-चार कन्व्हर्टर लावून बघितले, मॅडम. मेळावा तोंडावर आल्ता. सर रोज विचारून राह्यले, झालं का, झालं का."

"मग?"

"मंग जे लागणार होते तेवढे भरून टाकले. नमुना आहे ना आपला, तो."

नमुना म्हणजे मंडळाचा ठरलेला परिचय. बहुतेक आईबाप फोनवरच माहिती देतात आणि शेवटी म्हणतात, बाकी तुम्हीच चांगलं लिहा. अंगद गेली काही वर्षं चांगलं लिहीत आला होता. सुशील, मनमिळाऊ हे शब्द त्याच्या बोटांत बसलेले होते. कुणी तक्रार केली नव्हती. परिचय स्वतः लिहिणारी माणसं मोजकी, आणि आपण भरत असलेली जागा त्यांच्यातल्या कुणाची असेल, हे त्याच्या मनात आलं नाही.

"तुम्ही मला येडं म्हणाल," तो म्हणाला.

"न्हाई म्हणणार," अलमास म्हणाल्या. "अब्बांच्या दुकानात मीही हेच केलं असतं."

कामाला बसल्यावर त्यांनी आधी जे शाबूत होतं त्याची प्रत काढून ठेवली. ही त्यांची सवय आहे. बिघाडापेक्षा दुरुस्तीतच जास्त मजकूर मरतो, असं त्या म्हणतात. ज्या परिचयांना अंगदने हात लावला नव्हता, ते सरळ होते. जुन्या संकेतस्थळाने मराठी अक्षरांचे आकडे एका जुन्या युरोपी तक्त्याचे समजून साठवले होते आणि वाचतानाही तीच चूक केली होती. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या, म्हणून इतकी वर्षं सगळं नीट दिसलं. नवा सर्व्हर बरोबर वागला आणि जुनी चूक उघडी पडली. चिखल उलट्या दिशेने फिरवला की मराठी मिळत होतं. दुपारपर्यंत ते परिचय जागेवर आले.

ज्यांवर अंगदने नमुना टाकला होता, त्यांची गोष्ट वेगळी होती. तिथे चिखलही उरला नव्हता. जुन्या सर्व्हरचं खातं बंद झालं होतं. त्याची प्रत कुणी ठेवली नव्हती. अलमास यांनी संकेतस्थळ मुळात बनवणाऱ्याने काय काय ठेवलंय ते चाळायला घेतलं, आणि एका कोपऱ्यात बदलांची नोंद सापडली. कुणी, कोणत्या दिवशी, काय बदललं, आणि बदलण्याआधी तिथे काय होतं. ही नोंद कुणी कधी उघडली नसावी. आधी काय होतं, या रकान्यात जागा मात्र थोडी होती. चिखलात प्रत्येक मराठी अक्षर तीन जागा खातं. त्यामुळे लहान परिचय पुरते मावले होते आणि मोठे परिचय मध्येच तुटले होते.

भावनाचा परिचय मोठा होता. अलमास यांनी तो फिरवला तेव्हा एवढं आलं:

"मी शहागडला परिचारिका आहे. नोकरी सोडणार नाही. घटस्फोट झाला आहे. मला एक मुलगी आहे, ती"

त्यापुढे अर्धं तुटलेलं एक अक्षर होतं, त्याचं काही वाचता येत नव्हतं. बाजूला अंगदचं खातं आणि दिवाळीनंतरची तारीख.

सरांनी भावनाला बोलावून घेतलं. तिने पडद्यावरची ओळ वाचली आणि पुन्हा वाचली.

"हेच," ती म्हणाली. "पुढचं?"

"पुढचं न्हाई," अलमास म्हणाल्या.

"मला पाठ आहे पुढचं. सांगू? टाका तुम्ही."

"सांगा. पण मी टाकणार न्हाई."

हिवाळे सर मध्ये पडले. "अहो, बाई स्वतः सांगून राह्यली. तिचंच वाक्य आहे. पुरं करून टाका, म्हणजे दाखवायला बरं."

"सर, आजपर्यंत इथं ज्यानं ज्यानं भरलं, त्यानं चांगल्या मनानंच भरलंय. अंगदनंही." अलमास यांनी तुटलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "या अर्ध्या ओळीला दिवाळीपासून कुणी हात लावलेला न्हाई. तिचं वजन तेवढंच आहे. मी पुढं दोन शब्द जोडले, की केशरबाई विचारतील, मागचे कुणी जोडले? आणि मला बराबर उत्तर देता येणार न्हाई."

भावना म्हणाली, "असं अर्ध्यावर बघितलं तर कुणी म्हणंल, मुलगी आहे, ती वारली. ती बापाकडं आहे. काहीपण म्हणंल."

"म्हणंल," अलमास म्हणाल्या. "ते तुम्ही तोंडानं सांगा."

पुढच्या रविवारी दोन्ही बाजू पुन्हा बसल्या. केशरबाई यायला तयार नव्हत्या, पण शेवटी मुलाबरोबर आल्या. वाचन नव्याने होणार आहे, एवढंच सरांनी त्यांना कळवलं होतं. अलमास खोलीत संगणकापाशी बसल्या होत्या.

"ही कोण?" केशरबाईंनी विचारलं.

"अक्षरं दुरुस्त करतात या."

"कॉम्प्युटरवर काहीपण लिहिता येतंय. माझ्या लेकीचा पोरगा मोबाइलवर मला वाघावर बसवितो."

"खरं आहे, मावशी," अलमास म्हणाल्या. "म्हणून मी लिहून आणलं न्हाई. तुमच्यासमोर करते."

त्यांनी चिखल जसाच्या तसा पडद्यावर ठेवला. शेजारची तारीख राजानंदला वाचायला लावली. मग फिरवला. भावनाची अर्धी ओळ आली. सरांनी ती मोठ्याने वाचली आणि तुटली तिथेच थांबले.

भावना म्हणाली, "पुढं मी लिहिलं होतं, ती माझ्याजवळच राहील, लग्नानंतरही. ते यातनं गेलं. पण म्हणणं आजही तेच आहे."

राजानंद ओळीकडे पाहत होता. केशरबाईंचं समाधान झालं नव्हतं. हा कचरा त्या बाईनेच बनवून आणला नसेल कशावरून, असं त्यांनी विचारलं. प्रश्न अडाणी नव्हता. अलमास यांनी तो तसाच घेतला.

"दुसऱ्या कुणाचा करून दाखवते. ज्याचं त्याला ओळखू येईल. राजानंद सरांचा परिचयही अंगदनं बदलला होता. तो लहान होता, पुरता मावलाय. दाखवू?"

राजानंद काही बोलला नाही. केशरबाईच म्हणाल्या, "दाखवा की. आमच्यात लपवायला काय हाय."

"सर, तुम्ही सांगा," अलमास राजानंदला म्हणाल्या.

त्याने मान हलवली. पुन्हा चिखल, पुन्हा तारीख, आणि मग:

"जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. पत्नीचे निधन झाले. आई सोबत राहते. अपत्य असलेली स्त्री असल्यास हरकत नाही."

केशरबाईंनी मुलाकडे वळून विचारलं, "हे तू लिव्हलं?"

"लिव्हलं होतं."

"मला सांगितलं न्हाई."

"सांगणार होतो."

"कधी? बारशाला?"

अंगदला हसू आलं. ते लपवायला तो चहाचं बघायला बाहेर गेला. केशरबाईंनी आता संगणकावर शंका घेतली नाही. मुलाचं वाक्य त्यांनी ओळखलं होतं, आणि त्याच मार्गाने आलेलं भावनाचं वाक्य खोटं म्हणायला जागा उरली नव्हती. त्या भावनाला म्हणाल्या, "पोरी, तू लपविलं नव्हतं. मी शहागडला सांगीन तसं. मीच बोलल्ये, मीच सांगीन." माफी म्हणून एवढंच. भावनाने ते पुरेसं मानलं.

सरांना वाटलं गाठ सुटली. आता बोलणी पुढे न्यावीत म्हणून ते खुर्ची सरकवत होते, तेव्हा भावनाने राजानंदला विचारलं, "त्या दिवशी तुमचाही परिचय वाचला सरांनी. निर्व्यसनी, होतकरू. तो तुमचा नव्हता, तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"बोलला न्हाईत."

"वाईट काही लिहिलेलं नव्हतं," राजानंद म्हणाला. त्याने थोडा विचार केला. "आणि ती ओळ नव्हती वाचली, ते आईसमोर बरंच झालं असं वाटलं. मग तुम्ही बोलल्यावर बोलायचं राहूनच गेलं."

तो प्रामाणिकपणे बोलला. पण त्या दिवशी केशरबाई भावनाला खोटी ठरवत होत्या आणि तो शेजारच्या खुर्चीत बसून होता, हेही त्याच उत्तरात आलं. भावनाने विचार करायला वेळ मागितला. आठवडाभराने तिने सरांना फोन करून नाही कळवलं. कारण मंडळाच्या नोंदीत नाही. सरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, माणूस वाईट नाही, पण पायलबद्दल त्याच्या घरात रोज कुणीतरी बोलणार, आणि तो रोज गप्प बसणार. केशरबाईंनी शब्द पाळला. शहागडच्या त्यांच्या नातलग बाईने दवाखान्यात येऊन भावनाला तसं सांगितलं, ब्लडप्रेशर तपासून घेता घेता.

अलमास यांनी मंडळासाठी दोन गोष्टी करून दिल्या. साठा आणि संकेतस्थळ आता एकच तक्ता मानतात. आणि परिचय ज्याचा त्यालाच बदलता येतो, मोबाइलवर आलेला आकडा टाकून; अंगदला तो फक्त पाहता येतो. अंगदने सुरुवातीला कुरकुर केली. फोनवर "तुम्हीच चांगलं लिहा" म्हणणाऱ्या आईबापांचं काय करायचं, हा त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मंडळाला अजून सापडलेलं नाही. बरेच परिचय सध्या कोरे आहेत. सरांना हे आवडत नाही. कोऱ्या परिचयाचं मोठ्याने काय वाचायचं, असं ते विचारतात.

भावनाचा कोरा नाही. नकार कळवल्यानंतरच्या रविवारी ती मंडळात आली. अलमास तिथेच होत्या, काहीतरी तपासत. त्यांनी उठून खुर्ची दिली. भावनाला मराठी टाइप करायची सवय नव्हती. एकेक अक्षर शोधत ती बसली. अंगद मागे उभा होता. मध्येच त्याने कळफलकाकडे हात नेला, अलमास यांच्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. परिचारिका, शहागड, नोकरी, घटस्फोट, सगळं पूर्वीसारखंच तिने लिहिलं, फक्त मुलीची ओळ यावेळी सगळ्यात वर आली. "मला एक मुलगी आहे, ती माझ्याजवळ राहील." मग तिने खाली आणखी एक वाक्य जोडलं, जे आधीच्या परिचयात नव्हतं. "हे ज्यांच्या घरात आधी बोलून झालं असेल, त्यांनीच संपर्क करावा."

सर म्हणाले, थोडं कडक होतंय.

भावनाने वाक्य पुन्हा वाचलं आणि बटण दाबलं.